बिब्ब्याची खूण

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मारोतराव सोनकुसरे यांचं कपडे भाड्यानं देण्याचं दुकान आहे आणि मागं राहतं घर. शाळेचं गॅदरिंग असो, पंधरा ऑगस्ट असो की सव्वीस जानेवारी, पोरांना नटवायचं असलं की आयाबाया तिथंच धाव घेतात. राजे, राण्या, राक्षस, कोळीण, पोस्टमन, एवढंच काय वांगं आणि टोमॅटोसुद्धा तिथं खुंट्यांना लटकलेले असतात. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'पियुष ड्रेपरी' लिहिलेलं आहे आणि खाली फोन नंबर. त्यामुळं फोन करणारा जो तो आधी विचारतो, "पियुषभाऊ बोलून राहिले का?"

मारोतराव म्हणतात, "हो, बोला."

पियुष त्यांचा मुलगा. एकुलता एक. कॉलेजात शिकत असताना उमरेड रोडवर गाडीवरून पडला आणि गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली. पाटी बदलावी असं मारोतरावांच्या मनात कधी आलं नाही. आणि "मी पियुष नाही" असं फोनवर एकदा म्हटलं, की पुढं काय काय सांगत बसावं लागेल या धास्तीनं ते आपले मुकाट्यानं हो म्हणून टाकतात. त्यांची बायको पुष्पलता शेजारीच शिलाई मशीनवर बसलेली असते. ती हे रोज ऐकते आणि मान वर करत नाही.

नवराबायकोत भांडण नव्हतं. असतं तर कधी ना कधी मिटलं तरी असतं. दोघं दिवसभर एका छताखाली काम करायची, पण बोलणं काय, तर हुक तुटला, चेन बदला, राणीचा पदर उसवला. त्यापलीकडे शब्द नाही. याचं कारण एक शर्ट होता.

पियुषच्या दहाव्याला नातेवाईक जमले होते. गेलेल्याचे कपडे घरात ठेवू नये, त्याचा जीव त्यात अडकून राहतो, असं वडीलधाऱ्या मंडळींनी सांगितलं. असं सांगणारी मंडळी प्रत्येक घरात असतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावी निघून जातात. मारोतराव म्हणजे तुटकं बटणसुद्धा डबीत जपून ठेवणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी पियुषचे सगळे कपडे एका चादरीत बांधले आणि देऊन टाकले. आतल्या दाराच्या मागच्या खुंटीला त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी घालून टांगलेला, न धुतलेला. तोही गेला. पुष्पलता आतल्या खोलीतून बाहेर आली तेव्हा खुंटी रिकामी होती. तिनं खुंटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

साऱ्या नागपूरच्या पोरांचे कपडे त्या घरात होते, आणि स्वतःच्या पोराचा एक रुमाल नव्हता. पुढं कितीतरी दिवस बाजारात निळ्या चौकड्यांचा शर्ट घातलेला कोणी पोरगा पुढून गेला, की पुष्पलता चार पावलं त्याच्या मागं जायची. मारोतराव पिशवी धरून उभे राहायचे. तिला हाक मारायचा धीर त्यांना होत नसे.

तर अशा या दुकानात गेल्या पावसाळ्यात एक जुना मिलिटरीचा ड्रेस आला. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या भांडेवाल्या बाया गोळा केलेले कपडे विकायला बसतात, तिथून मारोतराव अधूनमधून गठ्ठा उचलत. त्या गठ्ठ्यात तो निघाला. हिरवट रंगाचा सुती शर्ट आणि पँट, खरोखरीच्या फौजेतली. पंधरा ऑगस्ट तोंडावर होता. सैनिकाच्या ड्रेसला मागणी एवढी की दुकानात उभं राहायला जागा नाही. पुष्पलतानं घाईघाईनं तो आठवी-नववीतल्या पोराच्या मापाचा करून टाकला. भाड्याच्या धंद्यात कपडा कापत नाहीत. जास्तीचं कापड आत दाबून शिवतात, म्हणजे उद्या मोठं पोर आलं तर उसवून मोठा करता येतो. तसाच तोही दाबला. पंधरा ऑगस्टला एका शाळेत जाऊन आला, मग आणखी कुठं कुठं जाऊन आला. कोणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

सव्वीस जानेवारीनंतर तो परत आला तेव्हा बगलेत फाटलेला होता आणि कॉलर निघाली होती. कार्ट्यांनी त्यात खरीखुरी लढाईच केली असावी. पुष्पलता कॉलर बसवायला घेऊन बसली. बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही, म्हणून मारोतरावांनी वळून पाहिलं. ती तो शर्ट उजेडाकडे धरून निरखत होती.

"हा घालून नाही विरला," ती म्हणाली. "हा धुऊन विरला."

मारोतराव जवळ आले. कापड जाळीसारखं पातळ झालं होतं. पण कोपर धड होते, पँटचे गुडघे धड होते, कफ झिजलेले नव्हते. बसून बसून कापडाला जी चकाकी येते ती कुठंच नव्हती. जन्मभर दुसऱ्यांनी घातलेले कपडे हाताळणाऱ्या माणसाला एवढं तर कळणारच, पण ते पाहायला मारोतरावांना वेळ झाला नव्हता.

"कोणी घालत नव्हतं," पुष्पलता म्हणाली. "धुऊन धुऊन ठेवत होतं कोणी. याच्या मायले शोधा."

"मायच कशावरून?"

"मले ठाऊक आहे."

पियुष गेल्यापासून तिनं नवऱ्याजवळ काहीही मागितलं नव्हतं. दिवाळीला लुगडंसुद्धा नाही. मारोतराव म्हणाले, "शोधतो." आणि म्हणून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हा शोध लागला नाही तर पुन्हा या बाईसमोर उभं राहायला आपल्याला तोंड उरणार नाही.

भांडेवालीला विचारलं तर ती हसली. रोज शंभर दारं हिंडते, कोणतं आठवू, म्हणाली. गल्लीत फौजेतून रिटायर झालेले एक हवालदार होते. त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि हा कपडा एकाहत्तरच्या लढाईच्या वेळचा, आता असा मिळत नाही, एवढं सांगितलं. खिशाच्या आत छापलेला नंबर होता, पण धुऊन धुऊन त्याचा नुसता डाग उरला होता. एक खूण मात्र कॉलरच्या आत काळीभोर राहिली होती. एक गोल, मधून आडवी रेघ आणि खाली शेपटी.

ती धोब्याची खूण होती. पूर्वी धोबी बिब्बा टोचून त्याच्या रसानं कपड्याच्या आतल्या अंगाला खूण करत. दर घराची निराळी. साबण, सोडा, ऊन, कशानंही ती जात नाही. मारोतराव शर्ट पिशवीत घालून शहरभर धोब्यांकडे हिंडले. बहुतेक ठिकाणी मशिनी लागलेल्या आणि कपड्याला कागदाच्या चिठ्ठ्या टाचलेल्या. बिब्बा म्हटल्यावर तरुण पोरं एकमेकांकडे पाहायची. असे बरेच दिवस गेले. रोज संध्याकाळी पुष्पलता विचारायची नाही, पण चहाचा कप ठेवताना क्षणभर थांबायची. मारोतराव मान हलवायचे आणि ती आत जायची.

शेवटी ज्याच्याकडे आधीच जायला हवं होतं, तो म्हातारा त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर इस्त्रीची टपरी लावून बसलेला निघाला. देवाजी त्याचं नाव. मारोतरावांनी कॉलर उलटी करून दाखवली तसा त्यानं आधी हात पुसले.

"ही तर आमच्या बाबाची खूण," देवाजी म्हणाला. "हटवारायचं घर." मग त्यानं मारोतरावांकडे जरा रोखून पाहिलं. "हा तुमच्यापाशी कसा आला गा?"

"भांडेवालीकडून घेतला."

देवाजीनं इस्त्री बाजूला उभी केली. "भांडेवालीले देला? म्हणजे भीमाबाई गेल्या का?"

मारोतरावांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. मग देवाजीनं स्टूल पुढं केलं आणि त्यांना सगळं सांगितलं.

भीमाबाई हटवार तलावामागच्या वस्तीत राहायच्या. त्यांचा थोरला मुलगा ताराचंद फौजेत होता. एकाहत्तर सालच्या दिवाळीला तो सुटीवर आला. येताना अंगावर होता तो ड्रेस त्यानं धुवायला देवाजीच्या बापाकडे टाकला. आणि मधेच तार आली, की ताबडतोब हजर व्हा. ताराचंद ड्रेस न्यायला धावत आला, तर ड्रेस नुकताच धुऊन दोरीवर टाकलेला, पाणी निथळत होतं. देवाजीचा बाप म्हणाला, उद्या ये, वाळवून इस्त्री करून देतो. उद्या कुठला यायला. गाडी त्याच दिवशी होती. तो पेटीतला दुसरा ड्रेस घालून गेला आणि जाताना आईला सांगून गेला, "तो आणून ठेवजो वं, पुढच्या खेपेले नेतो."

"मग लढाई झाली," देवाजी म्हणाला. "अन् कागद आला, का ताराचंद बेपत्ता हाये. मेला असं नाही, पकडला असं नाही. नुसता बेपत्ता. लोकायनं लय समजावलं, का बाई, त्याचं दहावं-तेरावं करून टाका. भीमाबाई म्हणे, मुडदा नाही पाह्यला मी, तर पिंड कायचा पाडू? ड्रेस आणून ठेवजो म्हणून गेला हाये तो."

आणि त्यांनी ठेवला. दर दिवाळीच्या आधी भीमाबाई तो ड्रेस पेटीतून काढून देवाजीच्या बापाकडे घेऊन यायच्या. धुवायचा, खळ घालायची, इस्त्री करायची. पोरगा दिवाळीलाच येतो, ड्रेस तयार पाहिजे. देवाजीचा बाप त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा कपडा हातात घेत नसे. मरेपर्यंत त्याच्या जिवाला ते लागून राहिलं होतं, की आदल्या दिवशी धुतला असता तर पोरगा घालून गेला असता. बाप गेल्यावर देवाजी धुवायला लागला. भीमाबाईंचे पाय थकले तेव्हा नातू घेऊन यायचा. मग दोन-तीन दिवाळ्या कोणीच आलं नाही.

"मले वाटलं, बाई गेली असन," देवाजी म्हणाला. "जिती असती तर हा घराच्या बाहेर पडलाच नसता."

मारोतराव दुकानात आले आणि त्यांनी हे सगळं पुष्पलताला सांगितलं. ती मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होती. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "उद्या चौकशी करतो. जिवंत असन तर नेऊन देतो."

"असा नेऊ नका," ती म्हणाली. "तिच्या पोराचं माप आहे ते."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दोघं जमिनीवर समोरासमोर बसली. पुष्पलतानं शर्ट घेतला, मारोतरावांनी पँट. दाबलेली शिवण एक एक टाका करून उसवायची. घाई केली तर पातळ झालेलं कापड फाटणार. ब्लेडचं टोक दोऱ्याखाली घालायचं, दोरा तोडायचा, ओढायचा. आत दडलेलं कापड हळूहळू बाहेर येत होतं. खांदे रुंद झाले. बाह्या लांब झाल्या. पँटचा पाय मारोतरावांच्या मांडीवरून जमिनीवर गेला. उंच होता ताराचंद.

किती वेळ तरी झाला असेल. पुष्पलता मान खाली घालूनच बोलली.

"दारामागचा शर्ट धुतला नव्हता मी."

मारोतरावांचा हात थांबला. एवढ्या वर्षांत त्या शर्टाचं नाव घरात निघालं नव्हतं.

"मले वाटलं," ते म्हणाले, "तुले रोज दिसन. अन् त्रास होईन."

"दिसला असता," पुष्पलता म्हणाली. "तेवढंच पाहिजे होतं मले."

मारोतरावांना रडू आलं. उघड, आवाज करून आलं. म्हातारपणी माणूस रडतो तेव्हा फार वाईट दिसतो, पण पाहायला बायकोशिवाय कोणी नव्हतं. तिनं त्यांना उगी म्हटलं नाही की पाणी दिलं नाही. त्यांच्या मांडीवरची पँट ओढून घेतली आणि राहिलेली शिवण स्वतः उसवली.

जुन्या शिवणीच्या जागी बारीक भोकांच्या रांगा राहिल्या होत्या. देवाजीनं ड्रेस पुन्हा धुतला, खळ घातली आणि अशी इस्त्री केली की रांगा शोधाव्या लागतील. घडी घालताना म्हणाला, "भीमाबाई जिती असन तर इस्त्रीवरून हात फिरवून पाहीन बरं. चालूपणा केलेला तिले चालत नाही."

तलावामागच्या हटवारांच्या घराच्या जागी आता तीन मजली फ्लॅट उभे होते. घर विकून ती मंडळी गेल्या वर्षी शहराबाहेर बेसाला राहायला गेली, म्हातारी आहे अजून, असं शेजारच्या किराणावाल्यानं सांगितलं आणि पत्ताही दिला. आहे अजून, हे ऐकून मारोतरावांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिथूनच पुष्पलताला फोन केला. ती फक्त "जा" म्हणाली. पण त्या एका शब्दात पूर्वीची पुष्पलता होती.

बेसाच्या फ्लॅटचं दार एका तिशी-पस्तिशीतल्या बाईनं उघडलं. दीपमाला, भीमाबाईंच्या नातवाची, रजतची बायको. मारोतरावांनी नाव सांगितलं, काम सांगितलं आणि पिशवीतून घडी बाहेर काढली. दीपमालाचा चेहरा उतरला. तिनं आत पाहिलं आणि दार मागं लोटून घेतलं.

"मीच दिला काका," ती हळूच म्हणाली. "घर बदलताना. कुकर घेतला मी त्याच्यावर."

मारोतरावांनी घडी एका हातावर सरळ करून धरली.

"यांना वाटते का सामानात हरवला. मी सांगितलंच नाही. पण काका, आजीनं दोन वर्षांत त्याचं नाव नाही काढलं. तिले कोणीच आठवत नाही आता. सासरे होते तोवर ते धुवायला पाठवत होते, आजीच्या समाधानासाठी. ते गेले. मग मी विचार केला, जिच्यासाठी ठेवला तिलेच आठवत नाही, तर कोणासाठी ठेवू? तेव्हा बरोबर वाटलं. भांडेवाली जिना उतरून गेली अन् मग मले जेवण गेलं नाही."

तिला बोल लावायचा तर कोणत्या तोंडानं लावायचा? मारोतरावांना ती चादरीची गाठ आठवली, जी त्यांनी स्वतः मारली होती. ते म्हणाले, "होते बेटा. घाईत होऊन जाते. मले भेटू दे त्यायले."

भीमाबाई गॅलरीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. लहानसा जीव, पांढरेशुभ्र केस, हातावर गोंदण. मारोतराव खाटेजवळ खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी ड्रेसची घडी म्हातारीच्या मांडीवर ठेवली. इतक्या दिवसांची वणवण, ती उसवण, ते रडणं, सगळं या क्षणासाठी होतं.

भीमाबाईंनी ड्रेसकडे पाहिलं. मग त्यांचे हात आपोआप हलले. त्यांनी बाहीच्या इस्त्रीवरून अंगठा फिरवला, कॉलरचं टोक दाबून पाहिलं, पँटची धार दोन बोटांत धरून वर नेली. वर्षानुवर्षं केलेलं काम हातांच्या लक्षात होतं. दीपमालानं तोंडाला पदर लावला.

"इस्त्री चांगली केली," भीमाबाई म्हणाल्या. "कोणाचा हाये हा?"

मारोतराव पुढं झुकले. "तुमचाच आहे आजी. ताराचंदचा."

"ताराचंदचा?" म्हातारी हसली. तोंडात दात नव्हते, पण हसू मोठं मोकळं होतं. तिनं हात खाटेच्या काठाएवढा खाली नेला. "ताराचंद एवढासाक हाये बाप्पा. शाळेत गेला आता. त्याले एवढा मोठा ड्रेस काय करू?"

उसवण्याआधी, शाळेतल्या पोराच्या मापाचा होता तेव्हाच आणला असता तर निदान मापाच्या जवळपास तरी आला असता, असा एक वेडा विचार मारोतरावांच्या मनात येऊन गेला आणि त्यांनाच त्याची लाज वाटली.

"आजी, नीट पाहा," दीपमाला म्हणाली. "तू दर दिवाळीले धुवत होती. तारूबाबाचा ड्रेस. फौजेतला."

"फौजेत कायले जाईन तो? लेकरू हाये ते." भीमाबाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी ड्रेसवरून पुन्हा एकदा हात फिरवला, या वेळी सावकाश. काहीतरी हाताशी येऊन निसटत असावं. मग त्यांनी घडी नीट केली, उचलली आणि मारोतरावांच्या हातात दिली, आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"कोणाचा हाये तर त्याच्या मायले नेऊन द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "बिचारी वाट पाहत असन."

मारोतराव बसूनच राहिले. म्हातारी मनगट सोडेना.

"बसू नका. जा ना. पोराचा ड्रेस तयार नसन तर तिचा जीव लागणार नाही कशात. आत्ता जा."

"जातो," मारोतराव म्हणाले. "आत्ताच जातो."

तेव्हा कुठं तिनं हात सोडला आणि समाधानानं उशीला टेकली. मुलाची वाट पाहत जिनं जन्म काढला, ती आता कोणाचीच वाट पाहत नव्हती. तिचा ताराचंद शाळेतून संध्याकाळी येणार होता. हे बरं झालं की वाईट, ते मारोतरावांना जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही. आणि पुष्पलताला काय सांगायचं, हेही अजून ठरायचं होतं.

दीपमाला खालपर्यंत आली होती. तिनं ड्रेससाठी हात पुढं केला आणि मागं घेतला. "तुमच्याकडेच ठेवा काका. मी आज ठेवीन पेटीत. पण माझ्यानंतर पुन्हा कोणीतरी देऊन टाकन. यांना मी सांगते सगळं. पाहावासा वाटला तर येतील ते तुमच्याकडे."

दुकानासमोर पुष्पलता उभी होती. नवऱ्याच्या हातातली पिशवी तिला लांबूनच दिसली.

"भेटल्या नाही?"

"भेटल्या." मारोतराव पायरीवर बसले. "पण ताराचंद लहान आहे त्यायचा. शाळेत गेला आहे."

पुष्पलताला समजायला वेळ लागला नाही.

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ज्याचा असन त्याच्या मायले नेऊन द्या. वाट पाहत असन बिचारी."

रस्त्यावरून शाळेची एक व्हॅन गेली. पुष्पलतानं पदराला हात पुसले आणि दोन्ही हात पुढं केले. मारोतरावांनी पिशवी दिली. ती ड्रेस घेऊन आत गेली. हँगर शोधल्याचा आवाज आला, मग आतल्या दाराचा. मारोतराव उठून पाहायला गेले नाहीत. त्या दारामागं एकच खुंटी होती.

तेवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा शाळेच्या बाई होत्या.

"पियुषभाऊ बोलून राहिले का?"

मारोतरावांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. 'हो' तोंडाशी आलं होतं. पण अजून त्यांच्या मनगटाला म्हातारीची पकड जाणवत होती.

"नाही," ते म्हणाले. "पियुष माझा मुलगा होता. तो वारला. मी त्याचा बाप बोलून राहिलो, मारोतराव. बोला बाई, काय पाहिजे?"

आतली पावलं दाराशी येऊन थांबली.